मैनेचा फोटो

४ मार्च
ही वही हपिसातून मिळाली. पुढून हपिसाचं लिहायचं, मागून माझं. मागची पानं कुणी बघत न्हाई.

आज माळावरची रोपं मोजली. खड्ड्यापशी थांबायचं, काठीनं उंची घ्यायची, तीनातलं एक अक्षर लिहायचं. ज. म्हणजे जगलं. वा. म्हणजे वाळलं. खा. म्हणजे जनावरानं खाल्लं. सकाळपून ऊन डोक्यावर येस्तोवर एकच अक्षर. वा. वा. वा. कुणी बघितलं तर म्हणल, बाई कशाला एवढी दाद देऊन राहिली.

चौदा रांगा झाल्या. हिरवं बोटावर मोजावं एवढं. करंज हायेत थोडे, सीताफळाची तर हिरवी काडी बी न्हाई.

माझी लेक ईशू धुरपामायपशी व्हती. धुरपामाय शेजारची. एकटी हाय, गळ्यात लिंग, दारात एक गाय. मैना. ईशूशी अन मैनेशी एकाच सुरात बोलते. दोघीबी माना हालवतेत.

६ मार्च
हपिसाचे सर आले. गाडीवर बसूनच वही बघितली.

"हे काय ताई?"

"वाळली सर."

"वाळली म्हणलं की पुढचा सवाल येतो, पाणी कुठं गेलं. उन्हाळाभर टँकरनं पाणी घातलं म्हणून सही कुणाची हाय?"

माझी हाय. मागच्या साली ह्याच ओट्यावर बसून केली. ईशू अंगावर पीत व्हती, एका हातानं सगळे कागद झाले. टँकर दोनदा आला. तिसऱ्यांदा कुणी बघितला न्हाई.

"मग पाणी तू पिलीस का?" म्हणले अन हसले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा घेऊन आल्या व्हत्या, त्या बी हसल्या.

मग हसायचं बंद झालं. "सही तुझी म्हणजे केस तुझ्यावर. लेकरू कुणापशी ठेवशील?" ईशू त्यांच्या बुटाची नाडी ओढत व्हती. पाय हालवून सोडवली त्यांनी.

"वा. चं खा. करून टाक. खाल्लं तर गावाची चूक. वाळलं तर आपली. ह्या महिन्यात पुण्याच्या मॅडम पाहणीला येणार हायेत."



७ मार्च
नवीन पान घेतलं. खा. खा. खा.

ह्यांचा फोन आला धर्माबादून. मिरचीच्या पोत्यावर हमालीला हायेत, बोलायला लागले की शिंका. सगळं सांगितलं. म्हणले, "सर म्हणतेत तसं कर. आपुन कोण? काम गेलं तर आई घरात ठेवल का तुला?" मग शिंकत शिंकत फोन ठेवला.

सरांचा बी फोन. "खाल्लं लिहिलंस, पण कुणी खाल्लं? फोटो पायजे."

माळावर गावाचं जनावर येतच न्हाई. दोन साल झाले तारा ठोकून, सगळा गाव लांबून वळसा घालून गुरं नेतो. तरी म्हणले, "रानातले रोही येतेत सर. परवा चार बघितले. त्यांचा चालल का?"

"येडी हाईस का? रोही आले म्हणजे आपलं काम चांगलं झालं. ते जैवविविधतेत धरायचं. मला गावातलं जनावर पायजे. गळ्यात दावं असलेलं."

१० मार्च
आजचं लिहू का नको.

ईशूच्या दाढा येऊन राहिल्या. रात्रभर किरकिर. तरी धुरपामायकडं ठेवून माळावर गेले. दहा वाजता सरांचा फोन, "आज फोटो न्हाई आला तर उद्या दुसरी बाई." ठेवला अन बघते तर धुरपामाय येऊन राहिली. कडेवर ईशू, दुसऱ्या हातात मैनेचं दावं. मैनेचे दिवस भरलेत, एकटी सोडता येत न्हाई.

"ऐकंनाच गं, तुझ्याबिगर. पाज एकदा."

तारेचा झापा मीच उघडला. मीच म्हणले ये आत, करंजाखाली सावली हाय.

ईशूला पाजलं. परत धुरपामायनं घेतलं तिला. मैना तवर एका खड्ड्यात तोंड घालून उभी. तिथलं सीताफळ कव्हाच वाळलेलं, बुडाशी थोडं गवत व्हतं ते हुंगत व्हती. पांढरं अंग, काळं तोंड. दावं लोंबतंय.

फोटो काढला.

धुरपामाय म्हणली, "माझा बी काढलास का?" म्हणले, हाव. हसली. दात नसल्याची लाज न्हाई तिला.

ती गेल्यावर फोटो कापला. मोबाईलातच. डाव्या बाजूला ती अन ईशू व्हती, ती बाजू काढली. मैना अन खड्डा ठेवला. पाठवला.

११ मार्च
सर म्हणले, "एक लंबर ताई." मला वाटलं कंप्युटरात टाकतील अन झालं. बरं वाटलं. खोटं कामून लिहू. बरंच वाटलं.

१३ मार्च
कोतवाल आला अन मैनेला घेऊन गेला. कोंडवाड्यात.

पंचायतीत बैठक झाली. सरपंच, सर, माळाच्या समितीची माणसं. सरांनी कागदावर फोटो छापून आणलेला. "बंदी असताना चारली. म्हणून रोपं गेली सगळी."

"सगळी?" धुरपामाय म्हणली. "एका गाईनं? तिचं पोट का पोतं हाय बापू?"

माणसं हसली. सरपंच म्हणले, "आजी, चारली का न्हाई तेवढं सांग."

"नेली व्हती. कामून नेली ते हिला इचारा." माझ्याकडं बोट केलं. बोट पण न्हाई, सगळा हात.

सगळे बघून राहिले. सर लई प्रेमानं म्हणले, "सांगा ताई, घाबरू नका."

मी म्हणले, "मला काय म्हाईत."

असंच म्हणले. ईशू मांडीवर व्हती माझ्या.

धुरपामायनं माझ्या मांडीकडं बघितलं. मग म्हणली, "लेकराच्या डोक्यावर फडकं टाक. ऊन येतंय तिकडून." अन निघून गेली.

१४ मार्च
सकाळी आली. रोजच्या टायमाला. दारात हात पुढं करून उभी. "दे इकडं."

दिलं. न्हाई म्हणायला तोंड कुठं हाय. माळावर गेले पण एक बी खड्डा नीट बघितला न्हाई. आता ती काय करल ईशूचं. कायबी करल. मी असते तर काय केलं असतं.

दुपारी पळत आले. ईशू जेवून झोपलेली, तोंडाला वरण. पालथी करून सगळं अंग बघितलं. कुठंच काही न्हाई. धुरपामाय दारातून बघत व्हती मी काय करून राहिले ते.

१७ मार्च
कोंडवाड्याला भिंती हायेत, वर काही न्हाई. एक पत्रा हाय तो वाऱ्यानं उलटा झालेला. हौद फुटका. धुरपामाय सकाळी बादली घेऊन जाते, कोतवाल एकदाच आत सोडतो. बाकीचा येळ ती भिंतीला टेकून बाहेर बसते. ईशूला घेऊन. माझी ईशू रोज कोंडवाड्यापशी बसून राहिली.

सरांना इचारलं कव्हा सोडणार. "पाहणी होऊ दे. मॅडमला दिसलं पायजे गाव किती कडक हाय."

"ती व्यायला झालीय सर."

"मग काय, एकाचे दोन दिसतील."

१९ मार्च
आत्या म्हणल्या, "ज्योते, जेवत का न्हाईस? गाय तिची, दूध काय तुझ्या घरात येत व्हतं का? मेली तर मरू दे. तुझं काम राहिलं ना?"

माझ्या अंगावरचं दूध कमी झालंय. ईशू चावते.

२१ मार्च
सर नोंदवही घेऊन आले. गावातले पक्षी, झाडं, औषधं, जुन्या जातीची गुरं, सगळं त्यात लिहायचं असतंय. मागच्या साली मीच घरोघर फिरून लिहिलेली. मॅडम येणार म्हणून चांगल्या अक्षरात परत उतरवायला लावली. बोरी, तरवड, होला, मुंगूस. मग गुरांचं पान आलं.

देवणी, वानेरा (पांढरं अंग, काळं तोंड). संख्या १. मालक धुरपताबाई.

उतरवलं. अक्षर चांगलं आलं.

२३ मार्च
मैना सकाळपून बसून हाय. उठवली तरी उठंना. धुरपामाय कोतवालाला म्हणली मला आज आत बसू दे. तो म्हणला, "आजी, मग तुला बी कोंडवाड्यात लिहावं लागंल." त्याला लई मजा वाटली स्वतःची.

मला म्हणली, "तू सांग की सरांना. तुझं ऐकतेत."

म्हणले सांगते.

न्हाई सांगितलं. मोबाईल हातात धरून न्हाणीत उभी राहिले थोडा येळ, अन भाईर येऊन म्हणले, फोन लागंना.

२४ मार्च
वासरू मेलेलं आलं. मागचे पाय आधी आले म्हणं. गुरांच्या डॉक्टरला तालुक्याला, देवणीला फोन केला, उद्या येतो म्हणले. धुरपामायनं भिंतीवरून उडी टाकली. ह्या वयात. हात घालून तिनंच वढलं. कोपरापातूर रगत.

माणसं भिंतीवर बसून बघत व्हती. एक म्हणला, "कालवड व्हती का गोऱ्हा?" धुरपामाय म्हणली, "वानेरा व्हती. आईवाणीच." अन पदरानं वासराचं तोंड पुसलं. मेलेल्याचं.

ईशूला मी धरून व्हते. तिनं सगळं बघितलं. "मैनी, मैनी" करून राहिली.

२५ मार्च
सर आले, लई तापले. "पाहणी उद्या अन ही घाण काय?" वासरू उचलायला लावलं. चुन्याची फकी मारली. कोंडवाड्याच्या दारात मला रांगोळी काढायला सांगितली.

काढली. कमळ काढलं.

२६ मार्च
पाहणी झाली.

मॅडम दोन. एक मोठ्या, चष्म्यावाल्या, टोपी घातलेल्या, त्याच बोलत व्हत्या. त्यांनी माळावर पाच रांगा स्वतः चालून बघितल्या. एका खड्ड्यापशी बसून वाळलेली काडी मोडून बघितली. मला इचारलं, "हे खाल्लंय असं कशावरून लिहिलंत? शेंडा तर शाबूत आहे."

सर मधीच बोलले, "ताई नवीन हायेत मॅडम."

मला दोन साल झाले.

मग कोंडवाडा दाखवला. मैना बसलेली, मान जमिनीला टेकलेली. माशा. मॅडमनी नाकाला रुमाल लावला अन फोटो काढला. सरपंच म्हणले, "आमच्या गावात नियम म्हणजे नियम." मॅडम म्हणल्या, "पण हिला पाणी तरी ठेवा." कोतवाल बादली आणायला पळाला. चौदा दिवसात पहिल्यांदा पळाला.

तिथंच नोंदवही उघडली. पानं चाळता चाळता म्हणल्या, "अरे वा, वानेरा देवणी. आता फार कमी राहिल्यात. कुठंय ही? बघायला आवडेल."

 धुरपामाय भिंतीपशी उभी व्हती ईशूला घेऊन. सरपंच आभाळाकडं बघून राहिले.

सर म्हणले, "चरायला गेली असंल मॅडम."

मॅडमच्या पुढ्यातच बसलेली व्हती. चिखलानं माखली व्हती सगळी, ओळखू कुठून येणार.

मी बोलू शकत व्हते. वही माझ्याच हातात दिली त्यांनी परत.

गाडीत बसताना मला बाजूला घेतलं. "चराईचा तो फोटो कापलेला वाटतो. मूळ फोटो आहे ना? तो मला पाठवा. आठवड्यात." एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, माझा बी घेतला. सरांनी लांबून बघितलं.

२७ मार्च
मैनेला सोडलं. चालता येईना. ट्रॉलीत घातली, वर ओढताना शिंग मोडलं.

२९ मार्च
मेली. सकाळी. डॉक्टर कालच येऊन सुई देऊन गेले व्हते. म्हणले, "लवकर बोलवायचं असतं आजी." धुरपामाय म्हणली, "हाव, चुकलंच माझं."

तिच्याच रानात बांधाला पुरली. मी गेले व्हते. लांब उभी व्हते. धुरपामायनं भस्म लावलं मैनेच्या कपाळाला, मग मोडलेल्या शिंगाला. कुदळ टाकून माणसं पाणी प्यायला बसली तर तिनं एकट्यानं माती लोटायला घेतली. मला म्हणली, "तू नगं. तुझ्या हातात लेकरू हाय."

३० मार्च
पाडवा. आत्यांनी गुढी उभारली, पुरण केलं. ताट वाढून म्हणल्या, "जा, देऊन ये तिला. लोकं नावं ठेवतेल."

धुरपामायनं ताट घेतलं. ईशूला दोन घास भरवले त्यातले. स्वतः खाल्लं का न्हाई ते बघायला थांबले न्हाई.

१ एप्रिल
सरांना इचारलं, नोंदवहीत गाईचं काय करायचं. एक खोडून शून्य करू का.

"राहू दे. आकडा कमी झाला तर सवाल येतेत."

तर मैना कागदावर हाय अजून. संख्या १.

३ एप्रिल
ईशूला घ्यायला गेले. धुरपामाय मोकळ्या खुंट्यापशी बसलेली. दावं गुंडाळून ठेवलं हाय कोनाड्यात.

म्हणली, "पोरी, माझ्याकडं मैनेचा एक बी फोटो न्हाई. म्हाताऱ्याचा हाय, लेकीचा हाय, हिचाच न्हाई. तुझ्या मोबाईलात हाय की."

मी ईशूचं फडकं उचललं.

"त्या दिशी काढलास बघ माळावर. आमचा तिघींचा. देवणीला गेलीस तर मोठा करून आण. त्यांनी दाखवला तो नगं. त्यात ती एकटीच हाय."

म्हणजे तिला म्हाईत हाय. पंचायतीतला कागद बघितला तव्हाच कळलं असंल. फोटो काढताना समोर तीच तर व्हती. अन तरी रोज सकाळी येऊन "दे इकडं" म्हणली.

का तिला म्हाईतच न्हाई. का नुसता फोटोच पायजे तिला. तिच्या तोंडावरून कळत न्हाई. मी बघायचंच सोडलंय तिच्या तोंडाकडं.

५ एप्रिल
देवणीला गेले. फोटोवाल्यानं मोबाईलातला मूळ फोटो कंप्युटरवर मोठा केला. मी असा मोठा कव्हा बघितलाच न्हवता.

मधी मैना. डावीकडं धुरपामाय, तोंड उघडं, हसून राहिली. कडेवर ईशू, झोपेला आलेली, हनुवटीवर दूध. मागं झापा सताड उघडा. अन खाली मातीवर एक सावली. पदर डोक्यावर, हात वर, हातात मोबाईल. मी.

कोपऱ्यात तारीख अन टाइम आपोआप आलेला.

फोटोवाला म्हणला, "आजी अन लेकरू कापू का ताई? गाय भारी हाय, एकटी लई शोभून दिसल."

म्हणले, नका कापू.

"सावली तरी काढतो."

ती बी राहू द्या म्हणले. कामून म्हणले मला म्हाईत न्हाई. घरी येस्तोवर पिशवीला हात लावला न्हाई. आता ज्वारीच्या डब्यात खाली हाय, कागदात गुंडाळून.

७ एप्रिल
सकाळीच दोन गोष्टी झाल्या. मॅडमचा मेसेज, "मूळ फोटोची वाट पाहते आहे." अन सरांचा फोन, "कुणाला काही पाठवू नकोस. मोबाईल हपिसाचा हाय, दुपारी येतो न्यायला. सगळं पुसून नवीन करून देतो." मग म्हणले, "लेकरू बरं हाय ना?"

असं पहिल्यांदाच इचारलं त्यांनी.

मेसेज उघडला. फोटो लावला. बोट तिथंच धरून राहिले. सही आठवली. सगळे कागद. खाली माझं नाव.

तवर धुरपामाय आली. ईशू कडेवर. उंबऱ्यात बसली. म्हणली, "देवणीला जाऊन आलीस म्हणं. आणलास का?"

आत्या मागच्या दारी हायेत. ऐकून राहिल्या असतील.

म्हणले, "आणला. एवढा हपिसाचा रिपोर्ट लिहिते अन देते."

"लिही बाई. मला काय घाई हाय. गुरं थोडीच सोडायचीत."

ईशूला मांडीवर घेऊन थोपटून राहिली. ईशू झोपली बी. माझ्यापशी एवढ्या लवकर झोपत न्हाई. धुरपामायचा हात तिच्या पाठीवर हाय, जड हात, वासरू वढलेला. मी इथून बघून राहिले. डबा माझ्या मागं हाय. मोबाईल वहीखाली. ऊन उंबऱ्याच्या आत आलं, म्हणजे बारा वाजून गेले, म्हणजे सर निघाले असतील.

रिपोर्ट काहीच न्हाई. हेच लिहून राहिले. लिहायचं संपलं की उठावं लागंल, म्हणून लिहून राहिले. पान भरत आलं. ती म्हणली, "लई मोठा रिपोर्ट हाय गं."

हाव म्हणले.

अजून दोन वळी राहिल्यात ह्या पानावर